चौलचे दहा हजार

इंदूरच्या बाणगंगेकडून उत्तरेला निघालं की सांवेर रोड लागतो. आधी औद्योगिक वसाहतीच्या पत्र्याच्या शेडी, पुढे अरविंदो रुग्णालय, मग गहू-सोयाबीनची शेतं, सांवेर गाव आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर उज्जैन. 2028च्या सिंहस्थासाठी हा रस्ता रुंद करायचं काम निघालं आहे. वसाहतीत प्लास्टिक, औषधं, नमकीन, पाइप, यंत्रांचे सुटे भाग असं काय काय तयार होतं. मालक जैन, सिंधी, अग्रवाल, बोहरा, मराठी. कामगार माळव्याच्या खेड्यांपासून बिहारपर्यंतचे. शहरात सियागंजाच्या हार्डवेअर बाजारात बोहऱ्यांची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतल्या काही घरांनी दुकानाला जोडून इथे कारखाने काढले.

अशाच एका कारखान्यात हा लेख सुरू झाला. मालक बोहरा, वय साठीच्या पुढे. मुलगा, सून आणि दोन नातवंडं कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागामध्ये. तिथल्या काही मुस्लिम पालकांनी मिळून रविवारी मुलांना इस्लामचा इतिहास शिकवायचं ठरवलं होतं. मुलाने वडिलांना विचारलं होतं, पोरांना शिकवायचं काय? वडिलांनी तो प्रश्न माझ्यापुढे ठेवला. "भाईसाब, आमच्या वेळी बदरच्या लढाईपासून सुरुवात व्हायची आणि खलिफा, बगदाद, स्पेन, मोगल करत संपायची. तिकडच्या पोरांना यातलं काय कामाला येणार?"

प्रश्न बरोबर होता. मुस्लिम मुलांना जो इतिहास सांगितला जातो, त्याची रूपरेषा बहुतेक ठिकाणी अशीच असते: दमास्कसचे उमय्या, बगदादचे अब्बासी, कॉर्डोव्हाची ग्रंथालयं, 1453 साली जिंकलेलं कॉन्स्टँटिनोपल, दिल्ली-आग्र्याचे बादशहा. हा सगळा राज्य करणाऱ्यांचा इतिहास आहे. त्यातलं वैभव खरं आहे आणि मुलांनी ते जरूर वाचावं. पण मिसिसागातलं मूल सुलतान होणार नाही. ते शेजारी होईल, करदाता होईल, कुणाचा सहकारी, कुणाची बायको, कुणाचा नवरा होईल. कॅनडाच्या 2021च्या जनगणनेत मुस्लिम सुमारे 18 लाख, म्हणजे लोकसंख्येच्या 4.9 टक्के. इंग्लंड-वेल्समध्ये त्याच वर्षी सुमारे 39 लाख, 6.5 टक्के. बहुसंख्य दुसरे, कायदा दुसऱ्यांनी केलेला, आपण थोडे, अशा ठिकाणी मुस्लिम याआधी कसे जगले, याचा इतिहास या मुलांना हवा आहे. माझं म्हणणं असं की तो इतिहास शोधायला फार लांब जायला नको. त्याची जुनी आणि भरघोस पानं कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर आहेत, आणि एक अवघड पान खुद्द इंदुरात आहे.

सुरुवात अर्थातच खुद्द पैगंबरांच्या काळात आहे. मक्केत छळ वाढला तेव्हा इ.स. 615च्या सुमारास त्यांनी अनुयायांची एक तुकडी समुद्रापलीकडे हबशांच्या मुलखात, आजच्या इथिओपियाकडे पाठवली. तिथला राजा ख्रिस्ती होता. त्याने आश्रय दिला, आणि मक्केचे लोक या माणसांना परत न्यायला आले तेव्हा द्यायला नकार दिला. मदिनेचं राज्य अजून जन्मालाही आलं नव्हतं. मुस्लिमांचं पहिलं स्थलांतर एका न्यायी, परधर्मी राजाच्या छत्राखाली झालं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तिच्यावर थांबून मात्र कुणी फारसं बोलत नाही.

युरोपातलं मोठं उदाहरण सिसिलीचं. स्पेनचा मुस्लिम प्रवासी इब्न जुबैर हजहून परतत होता, तेव्हा 1184च्या डिसेंबरात मेसिनाजवळ त्याचं जहाज फुटलं. किनाऱ्यावर नेणाऱ्या नावाड्यांनी उतारूंकडे पैसे मागितले. गरीब मुस्लिम उतारूंचे पैसे नॉर्मन राजा दुसऱ्या विल्यमने स्वतः भरले. हा राजा अरबी लिहीत-वाचत असे. पालेर्मोत मशिदी होत्या, मुस्लिमांचा काझी होता, राजवाड्यात मुस्लिम अधिकारी होते. विल्यमच्या आजोबांच्या, दुसऱ्या रॉजरच्या दरबारात अल्‌-इद्रीसीने 1154 साली आपला भूगोलाचा महाग्रंथ पुरा केला होता. इब्न जुबैरला या सगळ्याचं नवल वाटलं. पण त्याची नजर तीक्ष्ण होती. दरबारातले काही जण चोरून नमाज पढतात, हे त्याने टिपलं. एका प्रतिष्ठित माणसाने आपली मुलगी यात्रेकरूंपैकी कुणीतरी लग्न करून मुस्लिम मुलखात न्यावी, अशी विनवणी केली, हेही त्याने लिहून ठेवलं. विल्यम 1189 साली वारला आणि पाठोपाठ पालेर्मोत मुस्लिमांवर हल्ले झाले. पुढे दुसऱ्या फ्रेडरिकने बंड करणाऱ्या सिसिलीच्या मुस्लिमांना इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा या गावी नेऊन वसवलं, त्यांच्यातून सैनिकही घेतले. 1300च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या चार्ल्सने लुचेरा मोडलं आणि तिथल्या माणसांना गुलाम म्हणून विकलं.

एक राजा चांगला, दुसरा वाईट, इतकाच अर्थ मी यातून काढत नाही. सिसिलीच्या मुस्लिमांचं सारं सुख एका माणसाच्या मर्जीवर उभं होतं. त्यांच्या बाजूने उभं राहील असं गावात कुणी उरलं नव्हतं, आणि राजा गेल्यावर लागू राहील असा कायदाही नव्हता. स्पेनमध्येही शेवटी तेच झालं. तिथे तर धर्मपंडितांतच फाटाफूट होती. 1491 साली अल्‌-वन्शरीसीने ख्रिस्ती राज्यात राहणंच निषिद्ध ठरवलं. 1504 साली ओरानच्या मुफ्तीने, जे जबरदस्तीने बाटवले गेले त्यांना मनातल्या मनात नमाज पढायची, वेळ पडली तर वरवर काहीही कबूल करायची मुभा दिली. एकजण सांगत होता निघा, दुसरा सांगत होता लपा. उजळ माथ्याने राहण्याची वाट दोघांनाही दिसली नाही, आणि राज्यकर्त्यांनी ती ठेवलीही नव्हती. 1609 ते 1614 या काळात सुमारे तीन लाख माणसं स्पेनबाहेर काढली गेली.

इंदूरच्या मराठी माणसाला या गोष्टीतलं एक अंग ओळखीचं वाटतं. आपले पूर्वज इथे राज्यकर्ते म्हणून आले. 1732 साली माळव्याची वाटणी झाली, होळकर, शिंदे, पवार आपापल्या जागी बसले. 28 मे 1948 रोजी होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि आपण हिंदी मुलखातली चार घरं झालो. राज्य गेल्यावर कसं राहायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. घरात मराठी, दुकानात हिंदी, गणपतीला शेजारच्या मालवी कुटुंबाला आमंत्रण, असं करत आपण शिकलो. आपल्याला कुणी हाकलून दिलं नाही, म्हणून दोन्हींची बरोबरी होत नाही. पण राज्यकर्त्यांचा इतिहास पाठ केल्याने नागरिक म्हणून जगायला मदत होत नाही, एवढं आपण आपल्या अनुभवाने सांगू शकतो.

आता कोकण. अरब प्रवासी ज्याला सैमूर म्हणतात, ते रायगड जिल्ह्यातलं अलिबागजवळचं चौल. बगदादचा इतिहासकार अल्‌-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916-17 मध्ये तिथे आला. स्थानिक राजा शिलाहार झंझ, त्याच्यावर राष्ट्रकूट सम्राट. राष्ट्रकूटांना अरब 'बल्हरा' म्हणत, आणि अरबांवर इतका लोभ असलेला दुसरा राजा नाही, अशी त्यांची कीर्ती मसूदीच्या आधी, नवव्या शतकातच अरबी लेखनात पोचली होती. मसूदीने चौलात सुमारे दहा हजार मुस्लिम पाहिले. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले; त्यांनी इथेच लग्नं करून घरं केली होती. काही इथेच जन्मलेले. त्यांना बयासिरा म्हणत. हजार वर्षांपूर्वीच्या चौलात दुसऱ्या पिढीसाठी वेगळं नाव रूढ होतं, यावरून ती वस्ती किती मुरलेली होती ते कळतं.

राहायची पद्धतही मुरलेली होती. खंबायतपासून सैमूरपर्यंतच्या पट्ट्यात मुस्लिम आणि इतर लोक यांचा पेहराव सारखाच, केस राखायची रीतही सारखी, असं दहाव्या शतकातले अरब भूगोलकार लिहितात. कारण ते साधं देतात: उकाडा फार, म्हणून सगळेच तलम कपडे वापरतात. त्याच गावांत जुम्म्याच्या मशिदी होत्या आणि बांग उघड दिली जाई. अंगावर इथल्यासारखे कपडे घालून मशिदीत जाण्यात त्या लोकांना काही अडचण वाटत नव्हती. आज फ्रान्समध्ये पेहरावावरून जे चाललं आहे, त्यात सरकार आणि त्याचे विरोधक दोघांनीही वाचावं असं हे वर्णन आहे.

या वस्तीचा एक प्रमुख असे. त्याला हुनरमान म्हणत. मसूदी आला तेव्हा अबू सईद मारूफ बिन झकरिया हा हुनरमान होता. पुढे अब्बास बिन माहान याचं नाव मिळतं. हुनरमानाला राजाच नेमत असे, पण तो मुस्लिमच असे आणि मुस्लिमांचे तंटे मुस्लिम कायद्याने सोडवी. इ.स. 953च्या सुमाराच्या बुझुर्ग बिन शहरयारच्या पुस्तकात लिहिलं आहे की चोरीला इथे देहदंड होता, पण चोर मुस्लिम असला तर त्याला हुनरमानाच्या हवाली केलं जाई. त्या काळच्या मानाने ही व्यवस्था उदार होती. त्याआधी, नवव्या शतकात चीनच्या कँटनमध्येही मुस्लिमांसाठी असाच न्यायाधीश नेमलेला होता. हा हुनरमान वाचकाने लक्षात ठेवावा. लेखाचा उत्तरार्ध त्याच्याशी भांडणार आहे.

चौलपेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो तो पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा ताम्रपट. शके 848, इ.स. 926. राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राचा काळ. संजाण बंदरावर सम्राटाचा अधिकारी आहे मधुमती, म्हणजे महंमद, दुसरं नाव सुगतिप, सहियारहाराचा म्हणजे शहरयारचा मुलगा, जातीने ताजिक, अर्थात अरब. त्याने काय केलं ते ताम्रपट संस्कृतात सांगतो. नदी-ओढ्यांवर लोकांसाठी फुकट तर, म्हणजे पलीकडे नेणारी नाव, चालू केली. संजाणला अन्नछत्र काढलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप येणाऱ्याला विनामूल्य मिळे. अण्णैय्या नावाच्या ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन मिळाली, तीही याच्या कारकिर्दीत आणि याच्या संमतीने. मठाची डागडुजी व्हावी, देवीला नैवेद्य जावा, यासाठी ते दान होतं.

हे वाचताना माझ्या मनात प्रश्न येतो तो धार्मिक नसतो. या माणसाने मशिदीला दान दिलं की नाही, ते ताम्रपटात नाही, दिलंही असेल. पण गावाने त्याची आठवण कोरून ठेवली ती तर आणि भात यांसाठी. होडीत बसणारा कोणत्या धर्माचा, हे तिथे विचारलं जात नव्हतं. सिसिलीच्या दरबारातल्या मुस्लिम अधिकाऱ्यांनी राजाची सेवा केली. संजाणच्या या अधिकाऱ्याने नदीकाठच्या माणसांची केली. मला हा फरक फार मोठा वाटतो. ब्रिटन-अमेरिकेत मुस्लिमांनी चालवलेले मोफत दवाखाने आणि अन्नवाटपाची केंद्रं आज आहेत. ती चालवणाऱ्या तरुणांना आपला पूर्वज संजाणला होता, हे कुणी सांगितलं पाहिजे.

गोव्याचं उदाहरण धावत सांगतो. कदंब राजा गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेला निघाला, जहाजाची डोलकाठी मोडली, गोव्याच्या बंदरात महंमद नावाच्या ताजिक व्यापाऱ्याने त्याला मदत केली. त्या व्यापाऱ्याचा नातू पुढे पहिल्या जयकेशीचा अधिकारी झाला. त्याने बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर बसवायची परवानगी राजाने शके 975च्या, म्हणजे 1053च्या ताम्रपटाने दिली. सोमनाथाच्या यात्रेतल्या मदतीतून गोव्यातल्या मशिदीचा खर्च निघाला.

सगळंच गोड नव्हतं. गुजरातेत खंबायतला राजा सिद्धराज जयसिंहाच्या काळात जमावाने मशीद आणि मिनार जाळला, ऐंशी मुस्लिम मारले गेले. तेराव्या शतकात औफीने ही हकीकत लिहिली. मशिदीचा खतीब अली वाचला आणि राजाकडे निघाला. दरबारी त्याला भेटू देईनात. त्याने शिकारीच्या वाटेवर राजाला गाठलं आणि आपली फिर्याद हिंदी पद्यात लिहून त्याच्या हाती दिली. राजा वेष पालटून स्वतः खंबायतला गेला, खरंखोटं पाहून आला, दोषींना शिक्षा केली आणि मशीद पुन्हा बांधायला एक लाख बालोत्रा नाणी दिली. सिद्धराजाचं कौतुक सगळे करतात. माझं लक्ष खतीबाकडे जातं. त्याने इराणच्या किंवा इजिप्तच्या सुलतानाला साकडं घातलं नाही. तो आपल्या राजाकडे, त्या राजाच्या प्रजेच्या भाषेत गेला. राजाला दरबाऱ्यांवर विसंबून न राहता पुरावा पाहणं भाग पाडलं.

आणि वेरावळ. सोमनाथावर 1026 साली गझनीचा महमूद आला होता. त्यानंतर 238 वर्षांनी, 1264 साली, होर्मुझचा जहाजमालक नूरुद्दीन फिरोज याने सोमनाथ पाटणच्या शिवेवर मशीद बांधली. जमीन त्याने स्थानिक प्रतिष्ठिताच्या मदतीने, गावच्या पंचांच्या साक्षीने विकत घेतली. वाघेला राजा अर्जुनदेवाचं राज्य होतं. संस्कृत लेखावर हिजरी 662, विक्रम 1320, वलभी 945 आणि सिंह 151 अशा चार कालगणना आहेत. मशिदीच्या खर्चासाठी दुकानं, घाणा अशी मिळकत लावून दिली होती. देखभाल कुणी करायची त्यांची यादी दिली होती. त्यात नाखवे होते, तेली होते, चुनकळी करणारेही होते. वरकड पैसा मक्का-मदिनेला पाठवायचा होता. इतका तपशीलवार, इतक्या साक्षीदारांचा करार पाहिला की शेजारधर्माला कागदाची जोड देणारी माणसं दिसतात.

पण याच लेखाची अरबी आवृत्तीही आहे. त्यात सोमनाथ हे इस्लामचं नगर होवो, तिथली मूर्तिपूजा जावो, अशी प्रार्थना आहे. संस्कृत आवृत्तीत ती नाही. गावकऱ्यांना वाचता येईल त्या लिपीत एक आणि आपल्या लोकांच्या लिपीत दुसरं. हे मी झाकून ठेवणार नाही, आणि मिसिसागाच्या वर्गातही झाकू नये. अशी प्रार्थना त्या काळी अरबी लेखांत ठरावीक साच्याने येई, हे मान्य. तरी ज्या पंचांनी साक्ष दिली त्यांना ती वाचून दाखवली असती तर काय झालं असतं, हा विचार टळत नाही. आज एका भाषेतलं भाषण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भाषेत ऐकू येतं. घरात एक आणि दारात एक, ही सोय आता कुणालाच उरलेली नाही. मुस्लिमांना नाही, आणि इंग्लंड-अमेरिकेत राहून इथल्या राजकारणात मन गुंतवणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनाही नाही.

सांवेर रोडच्या दुसऱ्या टोकाला, उज्जैनला, बोहऱ्यांची मजार-ए-नजमी ही समाधी आहे. बोहऱ्यांचा इतिहास या विषयाला आणखी एक पदर जोडतो. ते शिया इस्माइली, कैरोच्या फातिमी खलिफांशी नातं सांगणारे, म्हणजे मुस्लिमांतही थोडे. त्यांचं धर्मपीठ सोळाव्या शतकात येमेनमधून गुजरातेत आलं. 1646 साली अहमदाबादला त्यांचे बत्तिसावे दाई, म्हणजे धर्मप्रमुख, कुतुबखान कुतुबुद्दीन यांना पाखंडी ठरवून देहदंड दिला गेला. तेव्हा गुजरातचा सुभेदार शहजादा औरंगजेब होता. राज्यकर्ता मुस्लिम असून या मुस्लिमांना संरक्षण मिळालं नाही. पुढे अठराव्या शतकात धर्मपीठ उज्जैनला होतं. एकोणचाळिसावे दाई 1754 साली आणि त्यांच्यानंतरचे चाळिसावेही उज्जैनलाच वारले. त्यांची दफनं तिथेच झाली. तेव्हा उज्जैन शिंद्यांचं होतं. ज्या काळात बोहऱ्यांचे धर्मगुरू उज्जैनहून आपल्या जमातीचा कारभार पाहत होते, त्या काळात त्या शहरावर मराठ्यांचा अंमल होता. आपल्या शाळकरी इतिहासात दोन्ही बाजूंनी ही गोष्ट सांगितली जात नाही. 'मुस्लिम राज्यात मुस्लिम सुखी, परक्या राज्यात दुःखी' हा सिद्धांत मानणाऱ्याने अहमदाबादहून उज्जैनपर्यंतचा हा प्रवास एकदा नकाशावर बोटाने करून पाहावा.

इथून हुनरमानाकडे परत येतो. कारण तो आजही मागितला जातो. लंडनमधल्या लेटन इथे 1982 साली शरिया कौन्सिल निघाली. ब्रिटनमध्ये अशा अनेक संस्था मुस्लिम स्त्रियांच्या तलाकाचे निवाडे देतात. त्यांना कायद्याचं बळ नाही, समाजाचं आहे. चौलची व्यवस्था दाखवून पुष्कळ लोक म्हणतात, दहाव्या शतकातल्या हिंदू राजाने जे दिलं ते आजचं लोकशाही राष्ट्र का देत नाही? याचं उत्तर इंदूरच्या न्यायालयात सापडतं.

शहाबानो इंदूरची. लग्न 1932 साली, नवरा वकील महंमद अहमद खान. तीन मुलगे, दोन मुली. 1975 साली तिला घराबाहेर काढलं. एप्रिल 1978 मध्ये तिने इंदूरच्या दंडाधिकाऱ्याकडे महिना 500 रुपये पोटगी मागितली. 6 नोव्हेंबर 1978 रोजी नवऱ्याने तलाक दिला आणि मेहरचे 3000 रुपये न्यायालयात भरून मोकळा झाला. ऑगस्ट 1979 मध्ये दंडाधिकाऱ्याने पोटगी ठरवली महिना 25 रुपये. नवऱ्याचं उत्पन्न वर्षाला सुमारे 60 हजार असल्याचं तिचं म्हणणं होतं. जुलै 1980 मध्ये उच्च न्यायालयाने ती 179 रुपये 20 पैसे केली. त्याविरुद्ध नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. 23 एप्रिल 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या खंडपीठाने त्याचं अपील फेटाळलं. पुढचा गदारोळ सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबरात शहाबानोने जाहीर पत्रक काढून निकाल नाकारला. 1986 साली तो निकाल निष्प्रभ करू पाहणारा नवा कायदा आला. 2001 साली दानियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ असा लावला की तलाक दिलेल्या बाईच्या पुढच्या आयुष्याची रास्त तरतूद नवऱ्याने इद्दतीच्या, म्हणजे तलाकानंतरच्या प्रतीक्षाकाळाच्या, मुदतीतच करून ठेवली पाहिजे. शहाबानो तोवर गेली होती, 1992 साली.

चौलच्या हुनरमानापुढे शहाबानो उभी राहिली असती तर? तिला राजाकडे अपील नव्हतं. राजाने तो प्रश्न आपल्या अंगावरून काढून जमातीच्या प्रमुखाकडे दिलेला होता, आणि जमातीच्या प्रमुखाचं ऐकणारी दहा हजारांची वस्ती होती. जुन्या उदारपणाची ही किंमत होती आणि ती जमातीतले दुबळे लोक भरत. त्या काळी दुसरा पर्याय नव्हता. माणूस कुठल्या तरी जमातीचा असल्याशिवाय राजाच्या नजरेत नव्हताच. इंदूरची बासष्ट वर्षांची बाई मात्र थेट दंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकली, कारण ती नागरिक होती. पंचवीस रुपये मिळाले हे लाजिरवाणं, पण वरच्या न्यायालयाचं दार होतं आणि ते उघडलं. त्यानंतर बाईवर इतका दबाव आला की जिंकलेला निकाल तिने स्वतःच नाकारला. राज्यसंस्थेने तिथे तिच्या पाठीशी ठाम राहायला हवं होतं. ती राहिली नाही, असं मला वाटतं. आणि तिच्या नावाचा उपयोग करून मुस्लिमांनाच झोडपणाऱ्यांनी तिला जो आधार द्यायला हवा होता तोही दिला नाही.

मिसिसागा ज्या ओंटारिओ प्रांतात आहे, तिथे हाच प्रश्न 2003 साली उभा राहिला. 1991च्या लवाद कायद्याखाली ज्यू आणि ख्रिस्ती लवाद कौटुंबिक तंटे सोडवत होतेच. तशी मुस्लिम लवादसंस्था काढायची घोषणा झाली. मॅरियन बॉइड यांच्या अहवालाने डिसेंबर 2004 मध्ये काही अटी घालून परवानगी द्यावी असं सुचवलं. सर्वांत ठाम विरोध केला तो कॅनडातल्याच मुस्लिम स्त्रियांनी, त्यांच्या कॅनेडियन कौन्सिल ऑफ मुस्लिम विमेन या संघटनेने. सप्टेंबर 2005 मध्ये प्रांताचे प्रमुख डाल्टन मॅगिंटी यांनी सर्वच धर्मांचे असे लवाद बंद करण्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी कायदा बदलला. फक्त मुस्लिमांचा लवाद नाकारला असता तर तो अन्याय झाला असता. सर्वांनाच एक नियम लागला, म्हणून तो टिकला. त्या स्त्रियांनी काय केलं ते मला सांवेर रोडवर बसूनही महत्त्वाचं वाटतं: त्यांनी धर्म सोडला नाही, आणि आमच्या जमातीचा प्रमुख आमच्या वतीने बोलेल हेही मान्य केलं नाही.

माळव्याचं पश्चिमेशी नातं यापेक्षा जुनं आहे. ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली पहिली इमारत लंडनजवळच्या वोकिंगमधली, 1889ची. जी. डब्ल्यू. लाइटनर या विद्वानाने ती उभारली आणि पैसा दिला भोपाळच्या शहाजहान बेगमने, एका राज्यकर्त्या स्त्रीने. आजही तिचं नाव त्या मशिदीला आहे. जवळच ब्रुकवुडचं दफनस्थान आहे. तिथे अब्दुल्ला यूसुफ अली आहेत, कुराणाच्या गाजलेल्या इंग्रजी भाषांतराचे कर्ते, मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेले बोहरा. त्यांनी आयुष्यभर ब्रिटिश साम्राज्यावर निष्ठा ठेवली, पहिल्या महायुद्धात त्याच्यासाठी प्रचार केला. डिसेंबर 1953च्या थंडीत ते लंडनमध्ये एका दाराच्या पायरीवर निराधार स्थितीत सापडले आणि लगेच वारले. साम्राज्याची मर्जी साम्राज्यासोबतच संपली होती. त्याच ब्रुकवुडमध्ये मकबूल फिदा हुसेन आहेत. जन्म पंढरपूरचा, 1915. घराणं सुलेमानी बोहऱ्यांचं. बालपण इंदूरचं, चित्रकलेचे पहिले धडे देवळालीकरांच्या इंदूरच्या शाळेत. खटले आणि धमक्या यांमुळे 2006 साली देश सोडला, 2010 साली कतारचं नागरिकत्व घेतलं, 9 जून 2011 रोजी लंडनला वारले. नागरिक असूनही त्यांना इथे राहता आलं नाही. पश्चिमेतल्या मुस्लिमांनी काय शिकावं हे सांगताना आपण हे पंढरपूर-इंदूर-लंडन असं आयुष्य डोळ्यांआड करू शकत नाही. अल्पसंख्याने कायद्यावर विसंबायचं तर कायद्यानेही त्याच्या दारात जमलेल्या जमावापुढे उभं राहायला हवं.

त्या रविवारच्या वर्गासाठी मी आणखी एक नाव दिलं. दिलं तेव्हा समोरचे वृद्ध गृहस्थ जरा अस्वस्थ झाले. त्यांच्या जमातीत हे नाव सहज घेतलं जात नाही. असगर अली इंजिनिअर. 1939 साली राजस्थानात सलुंबरला जन्म, वडील बोहरा आमिल, म्हणजे स्थानिक धर्माधिकारी. स्थापत्य अभियांत्रिकीचं शिक्षण माळव्यात, विक्रम विद्यापीठाची पदवी. मग मुंबई महापालिकेत वीस वर्षं नोकरी. 1972च्या सुमारास उदयपूरच्या बोहऱ्यांनी धर्मपीठाच्या सत्तेविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा ते सुधारकांच्या बाजूने उतरले आणि पुढे त्या चळवळीचे नेते झाले. या जमातीत बहिष्काराचं हत्यार किती धारदार आहे ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेलं होतं. मुंबई राज्याने 1949 साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. 1962 साली न्यायालयाने तो रद्द ठरवला, धर्मपीठाचा हक्क मान्य केला. फेब्रुवारी 2023 मध्ये तोच प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाकडे सोपवला गेला. बहिष्कृत माणसाच्या मैयतीला कोण येणार, त्याच्या मुलीचं लग्न कुठे होणार, हे प्रश्न मिसिसागातही बोहरा घरांत विचारले जातात.

ते गृहस्थ म्हणाले, "हे पोरांना सांगायचं?" मी म्हटलं, सांगायचं. बाहेरच्यांनी आपल्याला समान वागवावं ही मागणी करणाऱ्या माणसाला घरातल्याने केलेली तीच मागणी ऐकता आली पाहिजे. इंजिनिअर यांच्यावर हल्ले झाले, त्यांचं घर आणि कचेरी फोडली गेली, तरी ते इस्लामच्या आत राहूनच लिहीत राहिले. 1980 साली त्यांनी मुंबईत इस्लामी अभ्यासाची संस्था काढली, 1993 साली समाज आणि सेक्युलॅरिझम यांच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. दंगल झालेल्या गावांत जाऊन, दोन्ही बाजूंच्या माणसांशी बोलून, त्यांनी वर्षानुवर्षं अहवाल लिहिले. 2004 साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. 14 मे 2013 रोजी मुंबईत ते वारले. त्यांची इंग्रजी पुस्तकं कॅनडातही मिळतात, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ती समजावून सांगणं अवघड नाही.